शिवरातीची फुंकर

माघ अर्धा सरला तरी धामणखेडचा बाजार भरेना. आश्विनात मानमोडीचा ताप आला, गावातली दीडशे माणसं घेऊन गेला आणि जाताना बस्तरवारचा, म्हणजे गुरुवारचा, आठवडी बाजारही घेऊन गेला. दिवाळीनंतर नवं दुखणं फारसं कोणाला झालं नाही. बाजार भरवायला हरकत नाही, असा तहसिलीतून कागद आला. पाटलानं तो चावडीवर मोठ्यानं वाचून दाखवला. पण कागद वाचून कोणी भाजी घ्यायला येत नाही. शेजारच्या गावची माणसं अंजनगावला जाताना धामणखेडची शीव टाळून काट्याकुट्यातून वळसा घालत होती. चार महिने हे असंच चाललं होतं.

वांग्यांना हे कोण सांगणार? शेषराव माळ्याच्या वावरात वांगी लागतच होती, पिवळी पडतच होती. आधी त्यानं ती शेजारीपाजारी वाटली. मग बैलांना घातली. पुढं बैलसुद्धा वांगं पाहून मान फिरवू लागले. अंजनगावच्या बाजारात नेली, तर धामणखेडचा माल म्हटल्यावर बायांनी टोपल्याला हात लावला नाही. टोपलं डोक्यावर घेऊन तो तीन कोस परत आला, आणि वाटेत एका नाल्यात त्यानं ते उलटं केलं.

पाऊसही त्या साली दगा देऊन गेला होता. विहिरीला पाणी थोडं, म्हणून मोट पहाटे आणि दुपार कलल्यावर अशी दोन वेळा चालायची. पूर्वी थोरला भाऊ गोवर्धन मोट हाकायचा आणि शेषराव वाफ्यात पाणी वळवायचा. गोवर्धन गेला, मागोमाग त्याची बायकोही गेली. आता शेषराव मोट हाकत होता आणि फावडं जयवंतेच्या, त्याच्या बायकोच्या, हातात आलं होतं.

धावेच्या उतारावरून बैल खाली निघाले की मोटेच्या नाड्यावर, दोरावर, बसायचं, मोट रिकामी झाली की बैलांना मागं रेटत वर यायचं. दहा वर्षांच्या पोराचं काम. शेषराव तर पैलवान, आखाड्यात एका दमात पाचशे बैठका मारणारा. पण तापातून उठल्यापासून दहा मोटा झाल्या की त्याच्या छातीत शीळ वाजायची. मग तो बैलाच्या पाठीवर हात ठेवून उभा राहायचा. बैलाला थोपटतोय असं दाखवायचा आणि दम गोळा करायचा. जयवंता वाफ्यात वाकलेली असायची. तिला सगळं कळायचं, पण ती मान वर करत नसे.

अशाच एका दुपारी खुशालराव पाटील आणि आखाड्याचे वस्ताद नत्थुजी विहिरीवर आले. पाटलांचा पोरगा मानमोडीनं गेला होता. तेव्हापासून ते उभे असले तरी टेकायला काही शोधत असत. विहिरीच्या थारोळ्याच्या दगडाला टेकून ते म्हणाले, "शेषा, शिवराती पंधरा दिवसावर आली."

"आली तं येऊ द्या, पाटील."

"कुस्त्यायची दंगल भरवतो म्हन्तो."

शेषरावानं बैल थांबवले. "कोनाच्या भरोशावर? आपल्या आखाड्यातले नऊ गडी गेले."

"म्हनूनच तुह्यापाशी आलो ना बावा. लहान जोडी बाहेरून येतीन. पन मानाची कुस्ती गावच्याच गड्यानं धरा लागते. तू हौदात उतरला म्हंजे लोकायले समजन का धामणखेड जितं हाय. दंगलीले मानूस आला म्हंजे बस्तरवारी बाजारालेबी येईन. तुह्ये वांगे कोनासाठी सडून रायले, सांग बरं?"

नत्थुजी पुढं आले. बाजारात बैल पारखावा तसा त्यांनी शेषरावाचा दंड दाबून पाहिला, मानेवर बोटं फिरवली, बरगड्या चाचपल्या. जयवंतेच्या देखत हे चाललेलं शेषरावाला फार लागलं.

"मांस गेलं," नत्थुजी म्हणाले. "दम किती हाय?"

"दहा मोटा."

"लेका, दम इचारला म्या. मोटा नाई."

"तेवढाच हाय, वस्ताद. जोड कोन?"

"अकोल्याच्या जुन्या शहरातला जहीर. कुस्तीचा पानाचा इडा धाडला होता. त्यानं उचलला."

जयवंता फावड्यावर रेलून ऐकत होती. पाटलासमोर बायांनी बोलायची रीत नव्हती, पण त्या साली बऱ्याच रीती मोडल्या होत्या. पदर ओढून ती तिथूनच म्हणाली, "फुंकर राहीन ना, पाटील?"

"राहीन तं," पाटील म्हणाले. "तिच्याचसाठी तं बाया येतीन."

फुंकर ही धामणखेडची जुनी चाल. शिवरातीला मानाची कुस्ती जिंकणारा गडी अंगाच्या मातीसकट महादेवाच्या पारावर बसे. गावोगावच्या बाया तान्ही पोरं घेऊन रांग लावत. पैलवान पोराच्या कपाळाला हौदाची माती लावी आणि टाळूवर तोंड नेऊन तीन फुंकरा घाली. पैलवानाचा वारा लागला की पोर काटक होतं, असं सारे मानत. जिंकणारा हिंदू की मुसलमान, गावचा की परका, हे कोणी विचारत नसे. दिवस बुडेपर्यंत कुस्ती चितपट झाली नाही आणि बरोबरीत सुटली, तर मात्र ना माती, ना फुंकर. यंदा महादेवाच्या मनात नाही म्हणायचं आणि घरी जायचं. नत्थुजींच्या उभ्या हयातीत तसं एकदाच झालं होतं.

दुसऱ्या दिवसापासून शेषराव आणि नत्थुजी आखाड्यातला मातीचा हौद खणायला लागले. चार महिने माती उकरली नव्हती. ती तापून दगड झाली होती, एका कोपऱ्यात उंदरांनी बिळं केली होती. नत्थुजी सत्तरीचे, त्यांच्यानं कुदळ उचलवत नव्हती. ते ढेकळं फोडत बसत. शेषराव पाच घाव घाली, थांबे, पुन्हा पाच घाली. माती भुसभुशीत झाल्यावर तिच्यात वावरातली हळद कुटून घातली, पाटलांकडचं ताक, तिळाचं तेल, निंबाचा पाला घातला. तेल महाग झालं होतं, म्हणून थोडंच पडलं. चौथ्या दिवशी मातीला जुना वास आला, आणि शेषराव एकाएकी हौदाच्या कडेला जाऊन बसला.

ह्याच हौदात त्याची आणि गोवर्धनची शेवटची कुस्ती झाली होती. आश्विनातल्या बाजाराहून शेषराव अंग मोडून घरी आला होता. हाडं दुखत होती, मान वळत नव्हती. गोवर्धन हसला. म्हणाला, चल आखाड्यात, घाम काढू, अंग मोकळं होते. पैलवानांना सगळ्या दुखण्यांवर हे एकच औषध ठाऊक. दोघं तासभर भिडले, मानेला मान लावून, तोंडाशी तोंड नेऊन. रात्री शेषरावाला ताप चढला. तिसऱ्या दिवशी गोवर्धनला चढला. शेषराव उठला आणि गोवर्धन उठला नाही. भावाला आपणच नेलं, हे शेषरावाच्या मनात पक्कं बसलं होतं. आईला नाही, बायकोला नाही, कोणालाच त्यानं ते सांगितलं नव्हतं.

"काय झालं?" नत्थुजींनी विचारलं.

"काई नाई. दम लागला."

घरी दूध म्हणजे एका शेळीचं, तेही वाटीभर. ते अडीच वर्षांच्या लेकीचं, शकुनचं. ताप येण्याआधी ही पोरगी विहिरीपर्यंत दुडूदुडू पळत यायची. आता भिंत धरून उभी राहायची आणि मटकन बसायची. दंगल ठरल्यावर जयवंता वाटीतलं अर्धं दूध शेषरावापुढं ठेवू लागली. तो ते परत सरकवायचा. ती पुन्हा पुढं करायची. एक दिवस त्याची आई, पार्बताबाई, चुलीपाशी बसल्या बसल्या करवादली. "घे ना रे शेषा. गोवर्धन असता तं हुज्जत घालत बसला असता काय?"

गोवर्धनचं नाव निघालं की घर गप्प व्हायचं. शेषरावानं दूध पिऊन टाकलं.

"पयली फुंकर आपल्या शकुनले घालजा," जयवंता म्हणाली. "लोकायच्या लेकरायले मंग."

"आधी जिकू तं दे."

"जिकसान. मले पायजे ते. तिचे पाय पाहा न तुमी. काड्या झाल्या."

तिला काय हवं ते एवढंच होतं. तिनं शकुनसाठी जुन्या लुगड्याचं झबलं शिवलं, रुंद काठाचं, आणि शिवरातीपर्यंत ते पेटीत ठेवून दिलं.

शिवरातीला माणूस आला. पाटलांनाही वाटलं नव्हतं इतका आला. सकाळी लोक शिवेवर थांबून अंदाज घेत होते. दुपारपर्यंत गाड्यांनी महादेवाचं मैदान भरलं. डफडं वाजायला लागलं. चार महिन्यांत गावानं रडण्याखेरीज दुसरा आवाज ऐकला नव्हता. पहिल्या थापेला म्हाताऱ्या बायांच्या डोळ्यांत पाणी आलं. रेवड्यांचं एक दुकान लागलं, बांगड्यांचं एक लागलं. खुशालराव पाटील सगळ्यांना हात जोडत फिरत होते आणि येईल त्याला एकच सांगत होते, "बस्तरवारी या. बाजार हाय."

लहान कुस्त्या आटपल्या तरी जहीरचा पत्ता नव्हता. मूर्तिजापूरहून येणारी छोटी आगगाडी अंजनगावला उशिरा आली होती. दिवस कलल्यावर तो बैलगाडीतून उतरला तो सरळ हौदाशीच आला. शेषरावाहून वीतभर उंच, पंचविशीचा गडी. डोक्याचा गोटा केलेला, गालाची हाडं वर आलेली. कपडे काढून त्यानं लांग कसली, माती कपाळाला लावली आणि डोळे मिटून थोडा वेळ तसाच उभा राहिला. लोकांना वाटलं, अल्लाचं नाव घेत असेल.

सलामी झाली. दोघांनी एकमेकांच्या अंगावर माती टाकली. नत्थुजी पंच होते. ते बाजूला सरले आणि गर्दनखेच सुरू झाली. शेषरावाचा तळवा जहीरच्या मानेवर बसला आणि तिथंच थांबला.

बैठका मारलेलं अंगही तापतं, पण त्याला घाम असतो. ही मान कोरडी होती. तव्यासारखी तापलेली आणि कोरडी. त्या हाताला अशी मान आधी एकदाच लागली होती, गोवर्धनची, अखेरच्या दिवशी, त्याला पाणी पाजताना.

डोक्याला डोकं लागलं होतं. शेषराव ओठ न हलवता म्हणाला, "तुले ताप हाय."

"सकाळी नव्हता, भाई." जहीरचा श्वास गरम येत होता. "गाडीत बसलो अन् चढला."

"मंग उतरला काहून?"

"इडा उचलला होता ना. अब्बा गये, दोनो भाई गये. घर में अम्मीच हाय. तिनं सांगितलं, जा, नाव राख." त्याचे पाय लटपटत होते. "पाड मले. जल्दी पाड. उभं राहवत नाई."

पाडणं काहीच कठीण नव्हतं. नुसता हात सोडला असता तरी तो पडला असता. शेषरावानं त्याच्या खांद्यावरून पाहिलं. हौदाच्या उगवतीकडं बाया बसल्या होत्या, प्रत्येकीच्या मांडीवर पोर. पुढच्याच रांगेत जयवंता होती. शकुनला नवं झबलं घातलं होतं, काजळ लावलं होतं. पोरगी बापाला पाहून हात हलवत होती.

जिंकावं तर हा जळता श्वास तोंडात घेऊन त्या साऱ्या पोरांच्या टाळूवर फुंकर घालायची. जिंकून नाही म्हणावं तर कारण विचारणार. हरावं तर फुंकर हाच घालणार. ताप आहे म्हणून ओरडावं तर मैदान घटकेत रिकामं होणार, पुन्हा बाजार वर्षभर भरणार नाही, आणि भ्यालेली माणसं ह्या पोराला काय करतील ते सांगता येत नाही. शेषरावाला डोक्यानं भराभर विचार करायची सवय नव्हती. पण हे सगळं त्याला त्या एका घटकेत दिसलं. गोवर्धनच्या वेळी काही दिसलं नव्हतं, म्हणूनही असेल.

"पडू नोको," तो म्हणाला.

"क्या?"

"पडू नोको म्हन्तो. दिवस बुडेपर्यंत उभा राय. कुस्ती सुटली पायजे."

"मुझसे नहीं होता, भाई."

"म्या धरतो."

आणि त्यानं धरलं. एक हात मानेत, दुसरा काखेतून पाठीवर. बाहेरून पाहणाऱ्याला तो पेच वाटावा. प्रत्यक्षात तो एक तापलेला माणूस पेलत होता. जहीर कितीही वाळला असला तरी पैलवानाचं हाड होतं, त्याचा सगळा भार शेषरावाच्या खांद्यावर आला. दहा मोटांचा दम कधीच संपला. शेषराव त्याला घेऊन सरकत होता, फिरत होता, मधूनच झटका दिल्यासारखं करत होता. मांड्या थरथरू लागल्या. घाम डोळ्यांत उतरला. दिवस अजून चांगला तीन हात वर होता.

लोक आधी माना उंचावून पाहू लागले. मग कुजबुजू लागले. मग ओरडू लागले.

"अरे लगन लावता काय त्याच्यासंग!"

"डाव टाक ना, माळ्या! नाई तं घरी जाऊन वांगे तोड!"

हसण्याची लाट उठली. चार महिन्यांनी लोक हसत होते, तेही त्याला. शेषरावाचे कान जळत होते. ह्याच हौदात त्यानं पाच वर्षं फेटे बांधून घेतले होते. एक डाव टाकावा आणि ह्या साऱ्यांची तोंडं बंद करावी, असं त्याला आतून फार वाटलं. हात तसा वळलाही. पण त्यानं तो परत आणला.

जहीरचे गुडघे मोडले. तो मातीत टेकला तसा शेषराव त्याच्यावर ओणवा झाला, लांगेत हात घालून त्याला पुन्हा उभा केला. पंचांच्या लक्षात आलं की नाही कोण जाणे. नंतर एकदा जहीर भ्रमात गेला. आपण कुठं आहोत ते त्याला कळत नसावं, पण अंग पैलवानाचं होतं. त्यानं खाली वाकून पट काढला आणि शेषराव धाडकन पडला. मैदान उभं राहिलं. शेषरावाचा एक खांदा मातीला लागला होता. दुसरा टेकला की संपलं. तो तडफडून पालथा झाला, तोंडात माती गेली आणि खोकला आला. एक ढास, दुसरी ढास.

डफडं थांबलं. हजार माणसं एकदम चूप झाली. मागच्या मागं काही लोक उठलेही.

तिसरी ढास शेषरावानं गिळली. मातीसकट गिळली. डोळे बाहेर यायची पाळी आली, पण तोंड उघडलं नाही. रांगत जाऊन त्यानं जहीरच्या कमरेला मिठी घातली आणि दोघं एकमेकांच्या आधारानं उभे राहिले. "माती गेली लेकाच्या घशात," कोणीतरी म्हणालं. लोक पुन्हा खाली बसले आणि पुन्हा शिव्या सुरू झाल्या.

नत्थुजी जवळ आले. त्यांनी जहीरच्या डोळ्यांकडं पाहिलं, मग शेषरावाकडं पाहिलं. दिवस अजून हातभर वर होता. नत्थुजींनी दोघांमध्ये काठी घातली आणि मोठ्यानं म्हणाले, "सुटली! बरोबरीत सुटली! यंदा महादेवाच्या मनात नाई!"

बाया पोरं उचलून घराकडं निघाल्या. कोणी हौदाशी आलं नाही, खांद्यावर घेणं दूरच राहिलं. एरवी पाहुण्या पैलवानाचं जेवण पाटलाकडं असे. पाटील चार हातांवरूनच म्हणाले, "शेषा, माहं नाक कापलं तुनं," आणि वळले. त्यांच्याकडचं जेवण राहून गेलं ते बरंच झालं, पण हे शेषराव त्यांना कसं सांगणार? जहीरच्या बगलेत हात घालून तो त्याला वावराकडं घेऊन निघाला.

वावराच्या धुऱ्याशी, बांधाशी, पोचतो तोच मागून जयवंता आली. शकुन कडेवर होती. चालून चालून जयवंतेचा पदर सुटला होता आणि ती रडत होती.

"तिथंच थांब!" शेषराव ओरडला.

"काहून थांबू? हात गळाले काय तुमचे? एक लेकरू हाय आपल्याले, एक फुंकर तिच्या डोक्यावर..."

"जयवंते, ह्याले ताप हाय. तोच ताप."

ती थांबली. मग दोन पावलं मागं सरली आणि शकुनचं तोंड पदरानं झाकलं.

"म्या जिकलो असतो तं फुंकर घाला लागली असती," तो म्हणाला. "अन् माह्यापासूनच गोवर्धन गेला. अंग दुखत होतं तरी म्या त्याच्यासंग कुस्ती धरली होती. त्या वक्ताले मले ठाव नव्हतं. आता ठाव हाय."

जयवंतेनं शकुनला कडेवर घट्ट धरलं. मग म्हणाली, "मायले काय सांगू?"

"रागावून वावरात राह्यला म्हून सांग. कोनाले काई बोलू नोको. बाजार होऊन जाऊ दे."

वावरातल्या झोपडीत त्यानं जहीरला निजवलं. दुसऱ्या दिवशी जहीरच्या नाकातून रक्त आलं. मान उचलता येईना, अम्मी अम्मी करत राहिला. शेषराव त्याला अडुळशाचा काढा पाजी, ओल्या धडप्यानं अंग पुशी, आणि मधल्या वेळात एकटाच मोट हाकी. मोट हाकून वाफ्यात पाणी वळवायला धावायचं, पुन्हा येऊन मोट धरायची. जयवंता सकाळी धुऱ्यावरच्या दगडावर भाकर ठेवून मागं सरे. ती चाळीस पावलं लांब गेली की तो उचले. शकुन कडेवरून "बा, बा" करी. तो हात वर करी आणि पाठ फिरवी.

तिसऱ्या दिवशी त्याच दगडावर दुधाचा लोटा दिसला. नत्थुजी लांब बाभळीखाली उभे होते.

"वस्ताद, तुमाले कोनं सांगितलं?"

"पंच होतो म्या," नत्थुजी म्हणाले. "मले दिसत नाई काय?" आणि काठी टेकत निघून गेले.

रोज पहाटे उठून शेषराव आधी स्वतःची मान वळवून पाही. डावीकडं, उजवीकडं. मग गावाकडं कान लावी, रडणं ऐकू येतं का म्हणून. पाचव्या दिवशी जहीरचा ताप उतरला. त्यानं भाकरीचा तुकडा पाण्यात भिजवून खाल्ला आणि पडल्या पडल्या म्हणाला, "लोग तेरेको हँसे ना, भाई?"

"हासले."

सहाव्या दिवशी बस्तरवार. जयवंतेनं उजाडताच पलीकडच्या वाफ्यातली वांगी तोडली. टोपलं तिनं एकटीनंच डोक्यावर चढवलं, तो पाहत राहिला. थोड्या वेळानं गाड्यांची चाकं वाजू लागली. मग गावाच्या अंगानं बाजाराचा गलका उठला, आधी तुरळक, मग सलग. शेषराव धुऱ्यावर बसून तो ऐकत होता. दुपारी जयवंता आली. चाळीस पावलांवर टोपलं पालथं करून ती त्या टोपल्यावर बसली.

"भरला?"

"भरला. वांगे सरले."

ती खाली पाहून मातीत काडीनं रेघा ओढत होती. त्यानं विचारलं, "काय झालं?"

"गोदाबाई होती, पलीकडच्या गावची. चार बायायसमोर म्हने, तुह्या नवऱ्यानं लेकरायची फुंकर बुडवली. वरून म्हने, दोघा भावातला गडी होता तो गेला, अन् हा उरला."

"तू काय म्हनली?"

"म्या काय म्हनू? वांगे घालून देल्ले. दोन वरून देल्ले."

बैल झाडाखाली शेपट्या हलवत होते. थोड्या वेळानं तो म्हणाला, "सारा बाजार फिरली तू?"

"फिरली."

"खोकत होतं कोनी?"

जयवंतेनं मान वर केली. नीट आठवून पाहिलं. "नाई. मिरचीच्या ढिगापाशी एक बुढा शिंकला, तेवढंच."

"अन् लेकरं?"

"लेकरं गुळाच्या गाडीपाशी भांडून रायले होते."

"मंग बोलू दे," शेषराव म्हणाला, आणि मोट जोडायला उठला.